पिळायचं काम बंद

आळेफाट्याला चहाच्या टपरीवर बसलो की कोणीतरी हमखास विचारतं, "भाऊ, तुमचं ते पुढून उघडणारं मशीन कसं काय? घ्यावं का?" आमच्या मळ्यात कपडे धुण्याचं मशीन पहिल्यांदा माझ्या घरी आलं, म्हणून या विषयात लोक मला जाणकार समजतात. मी आधी तोटे सांगायला बसतो. वेळ लई खातं. एकदा दार लागलं की मधे उघडत नाही. लाइट गेली की कपडे आत कोंडून बसतं. बोअरच्या जड पाण्याने त्याच्या पोटात खार साचतो. दाराच्या रबरात पाणी राहिलं की वास मारतं. ऐकणाऱ्याचा चहा निवतो आणि तो म्हणतो, "मग न्हाई घेत राव." तेव्हा मी म्हणतो, "घे. आजच घे." लोकांना वाटतं याचं डोकं फिरलंय. फिरलं होतं खरं, पण कशापायी फिरलं ते टपरीवर सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे लिहितो.

आमचं घर पिंपरी पेंढारच्या बाजूला, गावात नाही, मळ्यात. कांदा, टोमॅटो, थोडा ऊस. माझा पोशाख माझ्या वडिलांचा तोच: पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. काळ्या रानात पांढरे कपडे घालून राबायची पद्धत ज्याने पाडली त्याने जन्मात कधी धुणं धुतलं नसणार. मीही धुतलेलं नव्हतं. आमच्याकडे ते काम बाईचं. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हापासून घरादाराचे कपडे कॅनॉलवर नेऊन धूत आली. माझ्या टोपीचा पांढरेपणा ही तिची वट होती. बाजारात माझ्याकडे बघून बायका म्हणायच्या, अमक्याच्या घरचं धुणं बघा.

मग एका पावसाळ्यात ती सकाळचा चहा दोन्ही हातांनी कप धरून प्यायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, गार हवा पडलीय, ऊब घेते. भाकरी थापायला बसली की पाठ माझ्याकडे करायची. शेवटी एकदा परातीतलं पीठ तसंच टाकून उठली आणि हात पदराखाली धरून उभी राहिली, तेव्हा मी काही न विचारता मोटारसायकल काढली आणि तिला नारायणगावला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी बोटं एकेक करून दाबली. रक्त तपासलं. संधिवात निघाला. गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "गार पाण्यात हात घालायचा नाही. आणि पिळायचं काम बंद. आजपासून."

बायकोने एवढंच विचारलं, "सुई धरता येईल ना?"

"आत्ता येतेय. असंच पिळत राहिलात तर पुढचं सांगता येत नाही."

ती सुईचं का विचारत होती ते मला ठाऊक होतं. आमची एकुलती लेक मंचरला दिलीय. तिला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरीच होणार. बायकोने पेटीतून तिच्या आईचं शेवटचं लुगडं काढलं होतं, हिरवं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. त्याचं बाळाला दुपटं शिवायचं तिने मनात धरलं होतं. गोधडी शिवण्यात तिचा हात धरणारं आमच्या बाजूला कोणी नाही. तांदळाच्या कणीएवढा टाका, आणि उलट्या बाजूने बघितलं तरी तेवढाच.  परतताना नारायणगाव सोडायच्या आत मी ठरवलं होतं की हिच्या हातात सुई राहिली पाहिजे. बाकी काय जाईल ते जाऊ दे.

त्या वर्षी मी ट्रॅक्टरला रान भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर घेणार होतो. तो बेत रद्द केला. चुलतभाऊ म्हणाला, "रान सोडून बायकोच्या धुण्याला मशीन? येडा का काय!" मी म्हटलं, "रान दुसऱ्याच्या रोटाव्हेटरने बी करून मिळतं." तो अजूनही तो किस्सा सांगतो.

लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, वरून उघडणारं घ्या. आमचं तसंच आहे. मधेच एखादा मोजा सापडला तर टाकता येतो." दुकानदारही दोन्ही प्रकारांचे गुण गायला लागला. बटणं दाखवी, गाणं वाजवी. मी त्याला थांबवलं आणि पिशवीतून ओली चादर काढली. घरून भिजवून नेली होती. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. बायको पुटपुटली, "काय हे, माणसांत आणायच्या लायकीचे न्हाई तुमी." मी चादर वरून उघडणाऱ्या मशीनच्या तळाशी टाकली आणि तिला म्हटलं, काढ. तिने खांद्यापर्यंत हात आत घातला, चादर मुठीत धरली, वर ओढली आणि मनगटात कळ येऊन तिचा चेहरा आवळला. मग तीच चादर मी पुढून उघडणाऱ्यात टाकली, दाराखाली दुकानातलं एक टोपलं ठेवलं आणि म्हटलं, आता काढ. तिने टोक धरून नुसतं ओढलं तर चादर आपल्या अंगाने घसरून टोपल्यात पडली. "हे द्या," मी दुकानदाराला म्हटलं. तो सांगायला लागला की याचा पीळही जास्त बसतो, कपडे निम्मे वाळूनच निघतात. बायकोसमोर पीळ हा शब्द ऐकून मला बरं वाटलं. आता कोणीतरी दुसरं पिळणार होतं.

आता तोट्यांचं. मशीन घरी आलं आणि आमचं घर त्याच्या लायकीचं नाही हे पहिल्या दिवशी कळलं. जोडायला आलेला माणूस म्हणाला, पाण्याला जोर नाही. टाकी विटांचा चौथरा बांधून वर चढवली. मग फरशीचा घोळ. आमच्याकडे न्हाणीजवळची फरशी मुद्दाम उताराची घालतात, पाणी वाहून जावं म्हणून. त्या उतारावर मशीन पिळायला लागलं तेव्हा दाव्याला हिसके देणाऱ्या खोंडासारखं थडथडत दारापर्यंत चालत आलं. बायकोने हातातला झाडू उगारला. मग सिमेंटचा ओटा केला, पाणसळ लावून सपाट, माझ्या स्वतःच्या हाताने.

त्यानंतर लाइट. शेतीची लाइट आली की सगळ्या मळ्यातल्या पाण्याच्या मोटारी एकदम चालू होतात आणि घरातला दिवा काजव्याएवढा होतो. त्यात हे मशीन मधेच थांबायचं, दार घट्ट मिटून. म्हणून ज्या आठवड्यात मोटारींना दिवसा लाइट असेल त्या आठवड्यात आमचं धुणं भल्या सकाळी, आणि रात्रपाळी असेल तेव्हा दुपारी. पिकाला पाणी द्यायच्या पाळ्या आम्ही पाठ केलेल्या असतात, त्यात ही एक वाढली. शिवाय आमच्या मांजरीला त्या गोल ढोलीत झोपायची सवय लागली. दार उघडं ठेवलं नाही तर वास येतो, उघडं ठेवलं तर मांजर जाते. तेव्हापासून दार लावायच्या आधी आत वाकून बघायचं आणि मगच बटण दाबायचं. यात आजवर हयगय झालेली नाही.

बायकोचा मशीनवर विश्वास नव्हता. पहिले काही दिवस ती त्याच्यापुढे पाट टाकून बसायची आणि काचेतून कपडे कसे गरगरतात ते बघायची. "एवढ्या वेळात मी आख्ख्या मळ्याचं धुणं वाळत घातलं असतं," ती म्हणायची. ते खरंच होतं. "चमचाभर पाण्यात घोळवतंय नुसतं. मळ जाणार कसा?" तेही अर्धं खरं होतं. पाणी कमी लागतं हा लोक फायदा म्हणून सांगतात, तिला ती कंजुषी वाटायची. आणि मनातली खरी गोष्ट ती बोलली नाही, पण मला दिसत होती. कॅनॉलवर धुणं म्हणजे चार बायकांशी बोलणं. उसात बिबट्या असतो म्हणून आमच्या बायका एकेकट्या जात नाहीत, घोळक्याने जातात, मोठमोठ्याने बोलत. त्या तासाभरात मळ्यातल्या सगळ्या घरांचं सुखदुःख धुऊन निघतं. मशीनने तिचं ते तोडलं. हा तोटा दुकानात कोणी सांगत नाही.

मशीन भरायचं आणि रिकामं करायचं काम मी माझ्याकडे घेतलं. घराच्या आत होतं, बघायला कोणी नव्हतं. टोमॅटो बांधणीच्या दिवसांत ते एकदा घुर्र करून बंद पडलं. नारायणगावहून मेकॅनिक आला, माझ्याच वयाचा. त्याने खालचं छोटं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि सुतळी ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय, संपेचना. टोमॅटोची झाडं तारेला बांधायला आम्ही सुतळीचे तुकडे खिशात कोंबून ठेवतो, ते सगळे आत जाऊन एक झाले होते. त्यामागून ठिबकची टोपणं निघाली, कांद्याचं बी निघालं, दोन नट निघाले.

"भाऊ, हे मशीन हाये का अवजारांची खोली?" तो म्हणाला.

बायकोला हसू आवरेना. "मी धूत व्हते तवा हे खिसे कोण रिकामे करीत व्हतं, इचारा की त्यांना," ती मेकॅनिकला म्हणाली. त्या दिवसापासून उंबऱ्याच्या बाहेर एक पाटी ठेवलीय. घरात शिरायच्या आधी मी उभ्या उभ्या तिच्यात खिसे उलटे करतो. पावणे आले तरी करतो.

एकंदर सगळं बरं चाललं होतं. तिच्या बोटांची सूज उतरली. संध्याकाळी ओसरीवर उजेड असेतोवर ती दुपट्याला बसायची आणि मी उगीच काहीतरी काढून शेजारी बसायचो. मग एका बाजाराच्या दिवशी आळेफाट्याला एक ओळखीचा भेटला. "टोपी लई पांढरीशिप्पत राव! मशीनचीच का?" मी ताठ मानेने हो म्हटलं. भाजीवालीपाशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या मशीनने टोपी कधीच अशी काढली नव्हती. बोअरच्या पाण्याची पिवळी झाक, आणि घडी तर अशी बसायची की जणू टोपीवर कोणी रात्रभर झोपलंय. ही टोपी हाताने धुतलेली होती, नीळ घालून, पिळून, झटकून.

बाजार अर्धा टाकून मी घरी आलो. ती ओसरीवर बसली होती. दुपटं मांडीवर, सुई कापडात खोचलेली, आणि हात दोन्ही बाजूंना उताणे. बोटांची पेरं पुन्हा टरारली होती. ती नुसती दुपट्याकडे बघत होती. मला रडायला येईल असं वाटलं आणि त्याऐवजी मी ओरडलो.

"टोप्या कोणी धुतल्या?"

"मळकी टोपी घालून चार माणसांत जाता," ती तितक्याच जोरात म्हणाली. "लोक तुमाला न्हाई हसत. मला हसत्यात."

 ती खरंच बोलत होती. लोक तिलाच हसले असते. मी घरातल्या झाडून सगळ्या टोप्या गोळा केल्या, डोक्यावरचीही काढली, लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. "आजपासून टोपी नाही. आता मळायला आणि हसायला काही उरलं नाही."

आमच्या वयाच्या माणसाने सुतक नसताना उघड्या डोक्याने फिरणं म्हणजे काय ते आमच्याकडचा माणूसच जाणे. रानात मी टॉवेल बांधायचो, पण देवळात, सोसायटीत, कोणाच्या साखरपुड्यात बोडकाच जायचो. पहिल्यांदा देवळाच्या पायरीवर एक म्हातारा जवळ सरकला आणि आवाज खाली करून म्हणाला, "घरात काय कमीजास्त झालं का रे बाबा?"

"न्हाई आबा," मी म्हटलं, "धुणं कमी झालंय."

बायको मात्र आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. जेवण समोर ठेवायची, मीठ विसरायची. मी अळणी खाल्लं. पण तिने पुन्हा बादलीत हात घातला नाही, आणि हळूहळू सुई पुढे सरकायला लागली.

मग नवरात्र जवळ आलं. घट बसायच्या आधी घरातलं चिंधीपासून गोधडीपर्यंत सगळं धुऊन काढायचं, याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. त्या दिवसांत कॅनॉलचा काठ बायकांनी भरून जातो. खडकांवर, कुंपणांवर, झुडपांवर जिकडे तिकडे गोधड्या. घरात एक जरी गोधडी न धुतलेली राहिली तर देवी उंबऱ्याच्या आत येत नाही, असं माझी बायको मानते. हात दुखतात म्हणून देवीला बाहेर उभं ठेवायची तिची तयारी नव्हती.

"गोधड्या मशीनला घालू," मी म्हटलं.

"गोधडी मशीनची न्हाई. ओली झाली का रेडा व्हती."

"होऊ दे. बघू."

हट्ट हा माझा स्वभाव आहे आणि तो कधी कधी मला गाढव करतो. मी सगळ्यांत मोठी, सात पदरी गोधडी आधी घेतली. मोठी निघाली तर बाकीच्या आपोआप निघतील, हा हिशेब. तिच्या आईनेच शिवलेली होती ती, आमच्या लग्नात दिलेली. कोरडी असताना ढकलून, गुडघा लावून बसली. दार लागलं. मशीन पाणी प्यायला लागलं आणि गोधडी फुगायला लागली. थोडा वेळ धपाधप आवाज आला. पिळायची वेळ झाली तेव्हा त्याने एकदा जोर केला, दोनदा केला, आणि तिसऱ्यांदा असं काही उसळलं की ओट्याच्या कडेवर येऊन थबकलं. बारका लाल दिवा लुकलुकायला लागला. दार उघडेना. काचेला चिकटलेला लुगड्याचा जुना काठ तेवढा दिसत होता.

बायको काचेपुढे येऊन बसली. काचेवरून त्या काठावर बोट फिरवायला लागली. चांगली शिव्या घालती तर मी सोसलं असतं, हे मला सोसेना. मी खालचं झाकण उघडून परातीत पाणी सोडलं, परात भरली की न्हाणीत ओतली, पुन्हा लावली. पाणी उतरल्यावर दार कट्कन सुटलं, पण गोधडी बोळा होऊन घट्ट बसलेली.

"सरका, मी धरते," म्हणत तिने हात पुढे केले.

"हात लावू नकोस!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की मांजर ओसरीवरून थेट उसात गेली. मग मी एक पाय मशीनला लावला, दोन्ही हातांनी गोधडी धरली आणि ओढली. ती आली, आणि मी तिच्यासकट उताणा पडलो. छातीवर रेडाच बसला. वरून बायकोचं हसणं ऐकू आलं, तोंडाला पदर लावून, थांबत थांबत आणि पुन्हा. टोप्यांना कुलूप लावल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसून झाल्यावर तिने गोधडीची कड बघितली. एका बाजूने वीतभर उसवली होती. "ते मी शिवीन," ती म्हणाली. "उद्या मला कॅनॉलला सोडा."

चुलतभावाची बायको, म्हणजे माझी वहिनी, आमचं धुवायला तयार झाली असती. पण प्रत्येकीच्या घरच्या गोधड्या असतातच, आणि आपला दसरा दुसऱ्याने काढायचा नसतो. रात्रभर मी विचार केला असं काही नाही. करण्यासारखं एकच काम शिल्लक होतं.

सकाळी ट्रॉलीत सगळ्या गोधड्या टाकल्या, बायकोला ट्रॅक्टरवर शेजारी बसवली आणि कॅनॉलला गेलो. तिला वाटलं मी सोडून परत जाणार. मी ट्रॅक्टर बंद केला, लेंगा गुडघ्यावर खोवला, पहिली गोधडी खांद्यावर टाकली आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरलो.

सगळ्या काठाचं बोलणं बंद झालं. धोपटण्याचे आवाजही थांबले. माझे कान तापले. मशीन घरात आणलं तेव्हा आपल्याला धुताना कोणी बघणार नाही हे किती बरं, असं मला वाटलं होतं, आणि आता सगळा मळा बघत होता. आणि डोक्यावर टोपीही नव्हती.

"भावजी," वहिनी म्हणाली, "वाट चुकलात व्हय?"

एवढं पुरे झालं. जो हशा उठला तो पलीकडच्या काठापर्यंत गेला. कोणी म्हणालं मशीन पळून गेलं वाटतं, कोणी म्हणालं माझी बी एक घ्या की. मी खाली मान घालून गोधडी दगडावर टाकली, साबण लावला आणि पिळायला धरली.

"पिळू नका!" वरच्या पायरीवरून बायको ओरडली. "गोधडी पिळीत न्हाईत. तुडवा. पायानं तुडवा."

मग मी तुडवली, विटांचा गारा तुडवतात तशी. मळ निघायला लागला, काळा, आणि मशीनच्या काचेतून कधी दिसला नव्हता एवढा. मला त्यात मजा यायला लागली होती हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नसतं.

वहिनीने वर बघून बायकोला विचारलं, "आन् तू गं? नवरा पाण्यात आन् तू राणीवानी वर?"

बायकोने आपलं दुखणं मळ्यातल्या कोणालाच सांगितलं नव्हतं. धुण्यावरून बोल लागेल म्हणून. आता तिने दोन्ही हात पदरातून काढले आणि पुढे धरले. "मला संधिवात हाय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी पिळायचं बंद केलंय. ह्यांनी तर समदंच बंद केलं, डोक्यावरची टोपी बी."

हसणं आपोआप विरलं. वहिनी पाण्यातून वर आली, बायकोच्या शेजारी बसली आणि आपला ओला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. तिचीही पेरं सुजलेली होती. "मला वाटलं व्हतं वय झालं म्हणून," वहिनी म्हणाली. मग आणखी एकीने हात पुढे केला. मी खाली गुडघाभर पाण्यात उभा होतो आणि मला सगळ्या मळ्यातल्या पुरुषांचा राग आला, त्यात माझाही होता. त्या दिवशी ओल्या गोधड्या वर वाहायला मी सगळ्यांनाच हात दिला. दिवाळीच्या आत चुलतभावाने मशीन आणलं, पुढून उघडणारंच. येडा कोण, ते मी त्याला विचारलं नाही.

लेक बाळंतपणाला आली आणि थंडीत तिला मुलगी झाली. आता मशीन दिवसाला दोनदा चालतं, लाइटच्या पाळ्या सांभाळत, मांजर काढून. टोप्या मी पुन्हा घालतो, पण माझ्या मी धुतो. नीळ जास्त पडते, ठिपके राहतात. बाजारात कोणी हसलं तर सांगतो, माझ्या हातची आहे.

दुपटं बाळ यायच्या आधी पुरं झालं. जवळून बघितलं तर एका कोपऱ्यात, टोप्या धुतल्या त्या दिवसांतले, टाके थोडे मोठे आहेत. बाकी सगळे कणीएवढे. बाराव्या दिवशी बाळाला त्यावर ठेवलं आणि बाळाने लगेच ते ओलं केलं. सगळे हसले. मी दुपटं उचललं आणि सवयीने मशीनकडे निघालो.

"ते मशीनला न्हाई," बायको म्हणाली.

मला वाटलं ती स्वतः धुणार. माझ्या तोंडावर राग आला असावा, कारण तिने हात वर केला.

"तुमी धुवायचं," ती म्हणाली. "हातानं. कोमट पाण्यात. आन् पिळायचं न्हाई."

मी उंबऱ्याबाहेरच्या पाटीत खिसे रिकामे केले, बाह्या वर केल्या आणि पाणी तापायला ठेवलं.